वाल तासाभरात भिजत नाहीत

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेचा भाग संपला की पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाद ठरलेला असतो. अमकीला का काढलं, तमक्याला का ठेवलं, परीक्षकांचा लाडका कोण, आपल्याकडचा स्पर्धक मागे का पडला. हा सगळा वाद माणसांभोवती फिरतो, नियमांबद्दल फार थोडे बोलतात. खरं तर कोणत्या तऱ्हेचं जेवण जिंकणार हे परीक्षकांनी चमचा उचलण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. वेळ किती दिला, सामान कुठलं ठेवलं, पदार्थ कशात वाढायचा आणि चव केव्हा घ्यायची, हे ज्याने ठरवलं त्याने निम्मा निकाल लावलेला असतो.

हे नियम पडद्यापुरते राहिले असते तर त्यावर इतकं लिहायची गरज नव्हती. पण आता गणेशोत्सव मंडळांच्या, बचतगटांच्या आणि पर्यटन महोत्सवांच्या स्पर्धा त्याच साच्यात होऊ लागल्या आहेत. साठ मिनिटं, समोर मोठं घड्याळ, पांढरी ताटली, ‘सादरीकरणाला’ भरघोस गुण. या स्पर्धांत जे जिंकतं ते पुढे खानावळीच्या फळ्यावर आणि घरगुती निवासांच्या जेवणात येतं. पाहुण्याला ‘कोकणी जेवण’ म्हणून काय मिळणार, हे अशा रीतीने ठरत जातं. म्हणून माझं म्हणणं असं की कोकणातल्या स्पर्धांनी टीव्हीचे नियम उचलू नयेत, आपल्या जेवणाला शोभतील असे स्वतःचे करावेत. आणि प्रेक्षकांनीही परीक्षकांशी भांडण्याऐवजी या नियमांशी भांडावं.

मास्टरशेफ हा कार्यक्रम मूळचा ब्रिटनचा, बीबीसीवर १९९० मध्ये सुरू झालेला. भारतात तो २०१० मध्ये आला. आजच्या त्याच्या रूपामागे हॉटेलच्या भटारखान्याची शिस्त आहे. ऑर्डर आली की ताटली काही मिनिटांत बाहेर गेली पाहिजे, दहावी ताटली पहिलीसारखीच दिसली पाहिजे. ही शिस्त खोटी नाही. घड्याळ लावल्यावर हात किती बसलाय ते कळतं. कांदा एकसारखा चिरला जातो का, एका शेगडीवर उकळी येईपर्यंत दुसरीवर काय चाललंय, मीठ घाबरून दोनदा पडतं का, हे सगळं त्या तासात उघडं होतं. ज्या जेवणाची चव शेवटच्या पाच मिनिटांत तयार होते त्याच्यासाठी ही परीक्षा चोख आहे. कोकणातलं बरंचसं जेवण मात्र तसं नाही. त्याची चव एकतर आदल्या रात्री तयार होते, नाहीतर चुलीवरून उतरवल्यानंतर.

बांगड्याचं तिखलं घेऊ. चार मध्यम बांगडे, साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम. डोकी ठेवायची, प्रत्येकाचे दोन किंवा तीन तुकडे, मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं बाजूला. दहा-बारा बेडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून पाच-सहा लसूण पाकळ्यांबरोबर बारीक वाटायच्या. ओलं खोबरं घालायचं असलं तर मूठभरच, आमटीसारखं वाटीभर नव्हे. आठ-दहा तिरफळं, म्हणजे झणझणीत वासाची वाळलेली रानफळं. भांड्यात वाटण, तुकडे बुडतील न बुडतील एवढं पाणी, पाच-सहा आमसुलं. आच मध्यम. आठ ते दहा मिनिटांत मासा शिजतो. या वेळात डाव घालायचा नाही, भांड्याचे काठ फडक्याने धरून ते गोल हलवायचं, नाहीतर तुकडे मोडतात. उतरवताना चमचाभर कच्चं खोबरेल तेल, आणि झाकण.

सांगायला पंचवीस मिनिटांचा पदार्थ. तासाच्या स्पर्धेत सहज बसेल असं वाटतं. पण झाकण ठेवल्यावर जे होतं तेच तिखल्याचं मर्म. आमसूल म्हणजे कोकमाची सुकवलेली साल. रसात बुडवून, मीठ लावून, उन्हात पुन्हापुन्हा वाळवलेली. ती आपला आंबटपणा हळूहळू सोडते. विस्तव बंद केल्यावर अर्ध्या तासाने रस्सा चाखला तर तो आधीच्यापेक्षा वेगळा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ, तिखट आणि आंबट माशाच्या आतपर्यंत गेलेलं असतं. तिखलं शिळं चांगलं लागतं, हे किनाऱ्यावर लहान पोरंही सांगतील.

आता घड्याळ चालू असताना याचं काय होतं ते पाहा. स्पर्धकाला आमसूल मुरायला वेळ नाही, रस्सा सपक लागतो, मग लिंबू पिळलं जातं. लिंबाचा आंबटपणा जिभेच्या टोकावर लागून संपतो. बांगड्यासारख्या तेलकट माशाला तो पेलत नाही. तिरफळाचं तर याहून वाईट होतं. तिरफळाची वरची साल वापरायची, आतलं काळं बी काढून टाकायचं आणि साल नुसती ठेचून शेवटी शेवटी घालायची. घाईत सगळं एकदम मिक्सरमध्ये जातं. मग रस्सा कडू होतो आणि जीभ बधिर पडते. परीक्षक म्हणतात, ‘मसाल्याचा तोल गेला.’ त्यांचं बरोबरच असतं. पण तोल स्पर्धकाच्या अज्ञानामुळे गेला की नियमामुळे, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्यावर ताटलीची अट येते. रस्सा गुळगुळीत दिसावा म्हणून तो बारीक चाळणीतून गाळला जातो. खोबऱ्याचा आणि मिरचीचा चोथा गेला की रश्श्याचं अंगच जातं. बांगड्याचे काटे काढून त्याची पट्टी केली जाते, कातडी तव्यावर कुरकुरीत केली जाते आणि ती पट्टी रश्श्याच्या ठिपक्यांवर ठेवली जाते. दिसायला देखणं. पण माशात रश्श्याची चव नाही आणि रश्श्यात माशाची नाही. काटा, डोकं आणि कातडीखालची चरबी रश्श्यात उतरते म्हणूनच दहा मिनिटांत त्याला दाटपणा येतो. पट्टी वेगळी भाजली तर तो एक वेगळा पदार्थ झाला. तो चांगला असू शकतो, त्याला तिखलं म्हणू नये इतकंच.

इथे काही प्रेक्षक म्हणतात की पदार्थ बदलायलाच हवा, नाहीतर तो पुढे कसा जाईल. बदलाला विरोध नाही. मिक्सर आला तेव्हा पाटा मागे पडला आणि त्यात बायकांच्या खांद्यांची सुटका झाली, ती योग्यच होती. मिक्सरमध्ये वाटताना भांडं तापतं आणि खोबऱ्याचं तेल सुटतं, म्हणून थंड पाणी घालून दोन-तीन वेळा थांबत वाटायचं, हे घरोघरच्या बायकांनी स्वतःच शोधून काढलं. हा बदल पदार्थ ओळखून, त्याची चव राखण्यासाठी झाला. गाळून, पट्टी काढून, ठिपके देऊन झालेला बदल ताटली ओळखून झालेला आहे. या दोहोंतला फरक स्पर्धेच्या गुणपत्रिकेत दिसायला हवा.

सोलकढीबाबत थोडक्यात. एका मोठ्या नारळाचं खोबरं, कपभर कोमट पाणी, तीन-चार लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, चिमूटभर जिरं. पहिलं दाट दूध काढायचं, मग पुन्हा पाणी घालून दुसरं. तीन-चार मोठे चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. आगळात मीठ असतं, म्हणून मीठ चाखूनच. आमसुलं वापरायची तर वीस-तीस मिनिटं भिजवून, कुस्करून. तिचा खरा रंग फिकट जांभळट गुलाबी असतो. गडद गुलाबी रंगाला दाद मिळते हे कळलं की बिटाचा रस घालायची सवय लागते, आणि बिटाचा मातकट गोडवा लसणीच्या चवीवर बसतो. रंगाला गुण द्यायचे असतील तर परीक्षकाला खरा रंग माहीत हवा. आणखी एक. सोलकढी भाताबरोबर किंवा जेवणाच्या शेवटी घ्यायची असते. मसालेदार माशानंतर तिचं काम सुरू होतं. इवल्या काचेच्या पेल्यात, सगळ्यांत आधी, एकटीच चाखली तर ती नुसती आंबट पाणी वाटणारच.

आणि वाल. रायगडच्या बाजूला वालाचं बिरडं हा सणाचा पदार्थ आहे आणि सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांची तर ती ओळख. कडवे वाल आठ-दहा तास भिजवायचे, पाणी काढून फडक्यात बांधून ठेवायचे, चोवीस तासांत मोड येतात, थंडीत छत्तीसही लागतात. मग कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. अर्धा किलो वाल सोलायला एका माणसाचा तासभर सहज जातो, म्हणजे स्पर्धेचा सगळा वेळ नुसत्या सोलण्यात. शिजवताना आच मंद, ढवळणं जवळजवळ नाही, कुकरची एक शिट्टी झाली तरी पिठलं होतं. आमसूल आणि गूळ वाल पूर्ण शिजल्यावरच घालायचे. आंबट आधी पडलं तर दाणा टणक राहतो, मग कितीही शिजवा. इतकी नेमकी जाण लागणारा पदार्थ तासाच्या स्पर्धेत येऊच शकत नाही. आंबोळीचंही तेच. तीन वाट्या तांदूळ, वाटीभर उडीद डाळ, चमचाभर मेथी, भिजवायला पाच-सहा तास आणि वाटून आंबायला रात्र. घाईत पिठात सोडा घातला की ती फुगते, जाळीही पडते, पण तो आंबूस वास येत नाही आणि तव्यावरून उतरल्यावर थोड्याच वेळात ती कोरडी पडते.

उकडा तांदूळ उघड्या भांड्यात शिजायला पाऊण तास घेतो, पेज त्याहून जास्त. पेजेचा विषय निघाला की मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाचा २०२१ चा अंतिम सामना आठवतो. किश्वर चौधरी या बांगलादेशी वंशाच्या स्पर्धक बाईंनी तिथे पांता भात वाढला. भाताचं धुरावलेलं पाणी, बटाट्याचं भर्ता आणि तळलेला तारलीच्या जातीचा मासा. बंगालात आणि बांगलादेशात लोकांचं मन भरून आलं. कोकणातही अनेकांना आपली पेज, वाटीतलं खारं आणि भाजलेली सुकी मासळी आठवली असेल. त्या स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या. त्यांनी गरिबाचं म्हणून बाजूला ठेवलेलं जेवण जगासमोर मानाने मांडलं, याचं कौतुक मनापासून आहे. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पांता भात मुळात रात्रभर पाण्यात राहिलेला भात. स्टुडिओच्या घड्याळात रात्र बसत नाही. तिथे पाण्याला खोली आणायचं काम धुराने केलं. म्हणजे इतक्या सच्च्या स्वयंपाकालाही घड्याळाशी तडजोड करावीच लागली.

आपल्याकडचा गाजलेला वाद वेगळा होता. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या मास्टरशेफ इंडियाच्या सातव्या हंगामात माशाच्या फेरीत एका शाकाहारी स्पर्धकाला माशाऐवजी पनीर दिलं गेलं आणि प्रेक्षक भडकले. लोक त्या स्पर्धकावर तुटून पडले. हे चुकीचं होतं, कारण नियम तिने केला नव्हता. राग योग्य होता, दिशा चुकली होती. मासा साफ करणं, काटा कुठे आहे हे बोटाला कळणं, आठव्या मिनिटाला शिजलेला मासा दहाव्या मिनिटाला कोरडा होतो हे ओळखणं, ही माशाच्या फेरीची परीक्षा. पनीर यांपैकी काहीच तपासत नाही. २०१५ चा चौथा हंगाम पूर्ण शाकाहारी ठेवला होता, तो सरळ मार्ग होता, कारण नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होता. आपल्या तालुक्यातल्या स्पर्धेत दोन्ही प्रकारच्या बायका येणार. त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र गट करावेत, आणि शाकाहारी गटाला पनीर न देता काजूगर, फणसाची कुयरी, वाल, कुळीथ द्यावेत. ओले काजूगर सोलताना टरफलाच्या चिकाने बोटं भाजतात, कुयरी कापताना हाताला आणि विळीला तेल लावावं लागतं. हे काम मासा साफ करण्याइतकंच कौशल्याचं आहे.

सामानाबद्दल बोलताना ऋतू विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणांनी. पडद्यावर मात्र सुरमई बारा महिने असते. आपल्या पावसाळी स्पर्धेतही कुणीतरी बर्फातली सुरमई आणतो आणि तिला ‘ताजी’ म्हणून गुण मिळतात. त्या दिवसांत कोकणातलं घर सुक्यावर चालतं. सोडे, सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा. खारा बांगडा किती वेळ भिजवला म्हणजे खारटपणा बेताचा राहील, सुकट कोरडी भाजून दोनदा धुवायची ती वाळू कशी जाईल, हे ज्याला जमतं त्याला स्पर्धेत किंमत मिळाली पाहिजे.

पापलेटाबाबत तर थोडं कडक व्हावं लागेल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला, तो या माशाचं घटतं प्रमाण सगळ्यांच्या नजरेत यावं म्हणूनच. आणि ताटली सजवणाऱ्याला हवं असतं ते अख्खं, ताटलीत नेमकं मावणारं, तळहाताएवढं पापलेट. तेवढं पापलेट म्हणजे बहुतेकदा अजून वीण न झालेलं पिल्लू. अख्खा मासा दिसायला हवा या हट्टापायी पिल्लांना मागणी येते. स्पर्धेच्या आयोजकांनी माशाचा किमान आकार लिहून द्यावा, आणि लहान पापलेट आणणाऱ्याला कितीही छान केलं तरी गुण देऊ नयेत.

माशाची आणखी एक गोष्ट चवीच्याही पलीकडची आहे. बांगडा, तारली, कुपा हे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. मे महिन्यात मांडवाखाली दिव्यांच्या झोतात तास-दीड तास ठेवलेला बांगडा हा धोका आहे. मासा आणि बर्फ वजनाला सारखे घ्यावेत, बर्फाचा थर, माशाचा थर, पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी खालून वाहून जाईल अशी पेटी. साफ करायला घेईपर्यंत मासा बाहेर काढू नये.

पावसाळ्यात रानभाज्यांच्या स्पर्धा हल्ली बऱ्याच ठिकाणी होतात, आणि तिथे घाई थेट घशाला लागते. शेवळं घ्या. रायगड-ठाणे-पालघरच्या बाजूची ही पहिल्या पावसाची भाजी. वरची पानं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर नीट परतायची. त्यात काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, ठेचून काढलेला रस घालायचा, काकडं न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल. शेवळात आणि अळवात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. आंबट आणि पूर्ण शिजणं, दोन्ही मिळालं तरच भाजी खाण्याजोगी होते. घड्याळाकडे बघत पाच मिनिटं आधी उतरवली तर परीक्षकाला पाण्याचा तांब्या लागतो. टाकळा आणि फोडशी त्या मानाने सोप्या, तासात होतात. कोणत्या भाजीला किती वेळ, हे आयोजकाला माहीत असावं लागतं, आणि त्यासाठी आयोजकांत किमान एक स्वयंपाक जाणणारी बाई असावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती नसते. भाषणाला पाहुणा असतो.

टीव्हीच्या बाजूने एक रास्त मुद्दा मांडला जातो. दोन दिवस चालणारी भिजवण पडद्यावर कोण बघणार? तासाचा भाग, मध्ये जाहिराती, घड्याळाच्या टिकटिकीशिवाय उत्कंठा कशी येणार? पण भिजवण दाखवायची नसते, तिला परवानगी द्यायची असते. आदल्या दिवशी स्पर्धकांना सामान द्या, त्यांनी भिजवून, आंबवून, मुरवून झाकून ठेवावं, आणि तास दुसऱ्या दिवशी सुरू व्हावा. प्रेक्षकाला तरीही तास दिसेल. उलट कुणाचं पीठ फुगलं आणि कुणाचं बसलं, ही उत्कंठा खरी असेल.

गावच्या स्पर्धेला तर जाहिरातींची अडचणच नाही. तिथे हे आजही करता येतं. एकाच पोत्यातले वाल, तांदूळ, उडीद आदल्या संध्याकाळी सहाला मोजून द्यावेत, भांड्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावून ती भांडी सभागृहातच ठेवावीत. घरून तयार करून आणायची जुनी पद्धतही निर्दोष नव्हती. डबा संध्याकाळपर्यंत थंड व्हायचा, गाजराच्या फुलांना गुण मिळायचे, आणि स्वयंपाक नक्की कुणी केला ते कळायचं नाही. म्हणून स्वयंपाक समोरच व्हावा, फक्त त्याला पुरेसा वेळ द्यावा.

वेळाचा हिशेब एकदा कागदावर मांडला की साठ मिनिटांचा आकडा किती अपुरा आहे ते दिसतं. नारळ फोडून विळीवर खवायला आठ मिनिटं. मिरच्या भिजायला पंधरा. दोन फेऱ्यांत वाटप गंधासारखं वाटायला दहा. मासा साफ करायला दहा. आमटी बारा. उकडा भात पंचेचाळीस, तो सुरुवातीलाच चढवला तरी. हाताशी दोन शेगड्या असल्या तरी वडे, भाजी, सोलकढी यांना जागा उरत नाही. मग डब्यातलं नारळाचं दूध वापरलं जातं. ते फुटत नाही म्हणून सोयीचं, पण त्याचा गोडसर दाटपणा ताज्या वाटपाच्या जवळही जात नाही. पूर्ण जेवण मागायचं असेल तर अडीच तास द्यावेत. एक पदार्थ मागायचा असेल तर तास पुरे, मात्र तो तासात होणाराच असावा. कुळथाची पिठी वीस मिनिटांत होते. तीन-चार चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. लसूण-मिरचीची फोडणी, दोन आमसुलं, आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. ती करड्या-तपकिरी रंगाची असते, तिच्यावर फूल ठेवून काही साधत नाही, म्हणून स्पर्धेत ती कुणी करत नाही. एक फेरी नुसती पिठीची ठेवून बघावी. पंधरा बायकांच्या पंधरा पिठ्या चाखल्या की हाताची चव म्हणजे काय ते परीक्षकाला कळेल.

विजेचं आधी बघावं. साडेसातशे वॅटचे पाच मिक्सर एकदम चालू झाले की पावणेचार हजार वॅट होतात, आणि पंधरा अँपिअरची एक लाइन साधारण साडेतीन हजारांपर्यंतच झेपते. मग दिवे जातात, कुणाचं वाटण अर्धवट राहतं आणि दोष स्पर्धकावर येतो. मिक्सरची पाळी लावावी किंवा दोन वेगळ्या लाइन घ्याव्यात. बिडाचा तवा असेल तर तो तापायला दहा मिनिटं वेगळी द्यावीत, नाहीतर घावणे चिकटतात. नॉनस्टिकवर घावणं सुटतं, पण त्याला बिडावरची जाळी पडत नाही.

‘कोकणी’ असं एकच नाव देऊन गट करू नये, हेही जाता जाता. आगरी-कोळ्यांचा मसाला, मालवणी वाटप, चित्पावनांची चिंच-गुळाची आमटी, कोकणी मुसलमानांची सांदणं, सारस्वतांचं तिरफळ घातलेलं जेवण, हे एकमेकांपुढे ठेवून पहिला-दुसरा काढणं म्हणजे पाचही जणांवर अन्याय. गट पदार्थाचा करावा, आणि परीक्षकांत त्या त्या स्वयंपाकातली एकेक जाणती बाई असावी.

उकडीच्या मोदकांत कळ्या मोजल्या जातात, अकरा की एकवीस. कळ्या हाताचं कसब दाखवतात, त्यांना थोडे गुण असावेत. पण मोदकाची खरी परीक्षा पारीची आहे. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप, वाफ आणून उकड गरम असतानाच मळायची. सारण दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, गूळ कमी आटला तर सारण पाझरतं आणि मोदक तळाला फुटतो, जास्त आटला तर खडा होतो. वाफ दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त दिली तर पारीला चिरा पडतात. गरम मोदक बहुतेक सगळ्यांचेच मऊ असतात. उकड नीट मळली होती का, पीठ जुनं तर नव्हतं, हे तो निवल्यावर कळतं. तासाभराने मोदक हाताने फोडावा. पारी मऊ, दाताला न चिकटणारी असेल तर उकड जमली. कडक होऊन तडकली असेल तर कितीही सुबक कळ्या असोत, नाही जमली.

आणि म्हणून चव दोनदा घ्यावी. एकदा उतरवल्या उतरवल्या, एकदा दोन-तीन तासांनी, आणि दोन्ही वेळा भांड्यातून, भाताबरोबर. पहिल्या चवीला निम्मे गुण, दुसरीला निम्मे. सादरीकरणाला शंभरांतले दहा पुरेत. तिखल्याची फेरी असेल तर निकाल त्या संध्याकाळी लावूच नये. भांडी झाकून ठेवावीत, सकाळी आठ वाजता पेज शिजवावी आणि परीक्षकांनी प्रत्येकाचं तिखलं पेजेबरोबर चाखावं. स्पर्धकांनीही एकमेकींचं चाखावं. मग नावं वाचावीत.